ड्वार्फ फोर्ट्रेस: चित्रे बंद ठेवल्यास गेमचा वेग वाढतो का?

प्रश्न

नमस्कार. गेली काही वर्षे मी ड्वार्फ फोर्ट्रेस या बुटक्यांचा किल्ला वसवण्याच्या संगणक-गेमची 0.47 ही मोफत आवृत्ती टाइलसेट (पडद्यावरील अक्षरचिन्हांचे रूप बदलणारा संच) लावून खेळत आहे. लॅपटॉप जुना असून त्याचा पडदा 1366 बाय 768 पिक्सेलचा आहे. किल्ल्यातील बुटक्यांची संख्या 120 च्या पुढे गेली की गेम असा मंदावतो की एक ऋतू संपता संपत नाही. आता चित्रे व संगीत असलेली विकतची आवृत्ती घ्यावी असे मनात आहे, परंतु साध्या अक्षरांच्या जागी रंगीत चित्रे आल्यावर हा लॅपटॉप मुळीच तग धरणार नाही अशी धास्ती वाटते. चित्रांमुळे खरोखर किती भार वाढतो, आणि माझा जुना किल्ला नव्या आवृत्तीत उघडता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपली धास्ती समजण्यासारखी आहे, पण भार बहुधा चित्रांचा नसावा. या गेममध्ये दोन वेग स्वतंत्रपणे चालतात: एक जगाच्या हिशेबाचा आणि दुसरा पडदा रंगवण्याचा. मूळ मांडणीत पहिल्याची कमाल मर्यादा सेकंदाला 100 आणि दुसऱ्याची 50 असते. आपल्या आवृत्तीत init नावाच्या फाइलमध्ये एफपीएस (दर सेकंदाचा वेग) दाखवण्याची ओळ चालू करावी, म्हणजे वरच्या कडेला एक आकडा आणि त्याच्या शेजारी कंसात दुसरा आकडा दिसेल. कंसातील आकडा 50 च्या आसपास टिकून असेल आणि बाहेरचा घसरलेला असेल, तर आपला प्रोसेसर चित्रे काढताना थकलेला नसून बुटक्यांच्या वाटा शोधताना थकलेला आहे, असे समजावे.

या घसरणीची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे. किल्ल्यातील एक वर्ष म्हणजे 336 दिवस आणि प्रत्येक दिवस हिशेबाच्या 1200 टप्प्यांचा, म्हणजे एकूण 4,03,200 टप्पे. सेकंदाला 100 टप्पे पडत असतील तर वर्ष सुमारे 67 मिनिटांत सरते. 20 पडत असतील तर त्याच वर्षाला साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. आवृत्त्यांबद्दल थोडे लिहितो. बे ट्वेल्व्ह गेम्सच्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या बंधूंनी 2006 मध्ये हा गेम प्रथम लोकांसमोर ठेवला. डिसेंबर 2022 मध्ये किटफॉक्स गेम्सने स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात चित्रांची आवृत्ती प्रकाशित केली, आणि तिथे क्रमांक 0.47 वरून थेट 50 वर गेला. या उडीच्या आधी जतन केलेले किल्ले नंतरच्या आवृत्तीत उघडत नाहीत. त्यामुळे जुना किल्ला जुन्याच आवृत्तीत ठेवावा लागेल. साहसवीर म्हणून एकट्याने भटकण्याचा प्रकार 2022 मध्ये नव्या आवृत्तीत नव्हता. तो एप्रिल 2024 मध्ये चाचणीसाठी आला आणि जानेवारी 2025 मध्ये रीतसर समाविष्ट झाला.

पैसे खर्च करण्यापूर्वी आपण नव्या मालिकेची मोफत क्लासिक आवृत्ती अवश्य उतरवून पाहावी. तिच्यात माउसवर चालणारी नवी मांडणी आहे आणि जगाचा हिशेबही तोच आहे. नाहीत ती फक्त चित्रे आणि संगीत. आपल्या लॅपटॉपवर ती सुरळीत चालली तर विकतची आवृत्तीही चालण्याची शक्यता मोठी आहे, आणि विकतच्या आवृत्तीतूनही सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरांकडे परतता येते.

चित्रांबाबत माझे मत स्पष्ट आहे: ती घ्यावीत. जुन्या पद्धतीत आयबीएमच्या पहिल्या पीसीसोबत आलेली 256 चिन्हांची एकच तालिका नकाशाला आणि मजकुराला मिळून वापरली जाई. लहान ‘डी’ म्हणजे कुत्रा आणि मोठा ‘डी’ म्हणजे ड्रॅगन, हे सरावाने कळते. पण टाइलसेटने एखाद्या विरामचिन्हाच्या जागी दगडाचे चित्र ठेवले की तोच दगड वाक्यांमध्येही डोकावू लागे. ही अडचण दूर करण्यासाठी हौशी मंडळींना ‘टेक्स्ट विल बी टेक्स्ट’ नावाची वेगळी जोड लिहावी लागली होती. विकतच्या आवृत्तीत नकाशाची चित्रे आणि मजकूर मुळातच वेगळे आहेत. (त्या तालिकेत देवनागरी मात्र नाही, त्यामुळे किल्ल्याला ‘रायगड’ असे आपल्या लिपीत नाव देता येत नाही, याची मला मनापासून खंत आहे.)

आपल्या पडद्यावर अक्षरे बारीक वाटली तर व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये इंटरफेसचे प्रमाण वाढवावे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आकडे पाहिले: बाहेर 22, कंसात 50. म्हणजे इतके दिवस मी टाइलसेट बदलत राहिलो ते व्यर्थच होते. आता हिशेबाचा भार कसा उतरवावा?

तिसरा प्रतिसाद

भार गर्दीचा आहे. कोण कोणाला पाहू शकतो याची तपासणी जोड्यांनी वाढत जाते: 120 जीवांच्या 7,140 जोड्या होतात, तर 200 जीवांच्या 19,900. म्हणून आधी जीव कमी करावेत. लोकसंख्येची मर्यादा मुळात 200 असते, ती पुढील किल्ल्यात 80 वर आणावी; पाहुण्यांचीही मर्यादा कमी करावी आणि मद्यशाळा फक्त रहिवाशांसाठी ठेवावी. जनावरे पिंजऱ्यात ठेवावीत. मांजरांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मांजर आपला मालक स्वतः निवडते आणि एकदा कोणाची झाली की तिला खाटकाकडे पाठवता येत नाही. पिल्ले वाढण्याआधीच नरांचे खच्चीकरण करून घेणे बरे.

त्यानंतर वाटांकडे वळावे. बुटक्यांनी कुठून चालावे हे सुचवणाऱ्या रहदारीच्या खुणांमध्ये सामान्य चौकोनाची किंमत 2 असते आणि प्रतिबंधित चौकोनाची 25. जुन्या, रिकाम्या खाणी प्रतिबंधित केल्यास वाट शोधताना त्या भागाचा विचार शेवटी होतो. तिथे कोणी जाणारच नसेल तर भिंत बांधून तो भाग तोडूनच टाकावा. वसाहतीची जागाही 4 बाय 4 ऐवजी 3 बाय 3 निवडावी.

50 च्या मालिकेत पुढे दृष्टीच्या या तपासण्या प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर (कोअरवर) वाटून देण्याची सोयही आली आहे. क्लासिक उतरवल्यावर सेटिंग्जमध्ये ती चालू करून 120 बुटक्यांचा किल्ला होईपर्यंत खेळावे आणि तेव्हाचा बाहेरचा आकडा इथे कळवावा, म्हणजे आपल्या 22 शी त्याची तुलना करता येईल.