मदत हवी आहे: शनिवारी माझ्याच शाळेतील दहावीच्या मुलांशी बोलायचे आहे, काय सांगावे?

कळवा_पूर्व · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार. मुख्याध्यापिका बाईंनी शनिवारी सकाळी शाळेत बोलावले आहे. "दहावीत असताना तुला कोणी काय सांगायला हवे होते, ते आता तू या मुलांना सांग," एवढेच त्यांनी दूरध्वनीवर सांगितले. बारा मिनिटे मिळणार आहेत. मी दोनदा टिपण लिहिले आणि दोन्ही वेळा फाडून टाकले, कारण वेळेचे नियोजन करा, मोबाइल दूर ठेवा, आईवडिलांचे ऐका याखेरीज त्यात काहीच नव्हते आणि हे सारे त्या मुलांना रोज प्रार्थनेनंतर ऐकावेच लागते. सध्या महाविद्यालयात शिकत असलेल्यांनी कृपया लवकर लिहावे. दहावीतल्या स्वतःला तुम्ही नेमके काय सांगितले असते? हातात चारच दिवस आहेत.

तीनहात_नाका · मंगळवार, रात्री १०:०५

मुले कोणत्या माध्यमाची आहेत, तुम्ही कोणत्या शाखेत आहात आणि पालकही समोर बसणार आहेत का, हे लिहिले असते तर उत्तर देणे सोपे गेले असते. माझ्यापुरते विचाराल तर मी दहावीतल्या स्वतःला एकच गोष्ट सांगेन, ती म्हणजे शिकवणी वर्गाच्या छापील नोट्सऐवजी पाठ्यपुस्तक वाच. मी दहावीच्या विज्ञानाचे पुस्तक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा सलग वाचले, आणि वर्षभर पाठ केलेल्या उत्तरांमागचे कारण मला तेव्हा कळले.

सीवूड्सची_आई · मंगळवार, रात्री १०:३१

मी विद्यार्थिनी नाही, परंतु गेल्या वर्षी मुलाचा अकरावीचा प्रवेश अर्ज भरताना जे हाल झाले, त्यावरून लिहिते. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया संपूर्ण राज्यासाठी एकच झाली आहे आणि अर्जात जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जाते. आमच्या शेजाऱ्यांनी केवळ नाव मोठे म्हणून दूरचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले, ते मिळाले, आणि आता त्यांची मुलगी रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला प्रवास करते. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर (मागास प्रवर्गातील कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) आणि अधिवास प्रमाणपत्र यांच्यासाठी निकालाची वाट पाहू नये, हेही मुलांना अवश्य सांगा. मे-जूनमध्ये सेतू केंद्रांवर किती गर्दी असते ते मी पाहिले आहे.

कळवा_पूर्व · बुधवार, सकाळी ७:१२

सीवूड्सच्या काकू, मनापासून आभार, पण प्रवेश अर्जाला अजून बराच अवकाश आहे आणि मी त्याविषयी विचारलेले नाही. मुले मराठी माध्यमाचीच आहेत, ते मला लिहायचे सुचले नाही. पालक नसतील. मी वाशीला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र.

घणसोलीकर · बुधवार, सकाळी ८:५०

माझ्या मते मुलांना परीक्षांची रचना आत्ताच सांगायला हवी, कारण दहावीत मला ती कोणीही सांगितली नाही. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत सुमारे ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि अभियांत्रिकीच्या गटात गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो. जेईई मेन या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण जातो आणि तेथे अकरावीचा अभ्यासक्रम तितकाच महत्त्वाचा ठरतो. हे ठाऊक नसल्यामुळे मी दोन्ही परीक्षांचा अभ्यास एकाच पद्धतीने केला आणि दोन्हीकडे मागे पडलो. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी दहावीच्या सुट्टीतच इंटिग्रेटेडला, म्हणजे अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षेची शिकवणी एकत्र घेणाऱ्या वर्गाला, नाव घालावे. नेहमीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन वेळ वाया जातो.

वर्कशॉप_सात · बुधवार, सकाळी ९:२५

घणसोलीकर यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षे एका खोलीत सराव प्रश्न सोडवत बसवणे हा एकमेव मार्ग असल्यासारखे कोणीही सांगू नये. मी दहावीनंतर तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका केली आणि थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) पहिल्यांदा काम केले तेव्हा तयार झालेला दांडा ठरलेल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक निघाला आणि शिक्षकांनी तो बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून करायला लावला. अचूकता म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकलो. या मुलांना पदविकेचा आणि आयटीआयचा रस्ता आहे, हे तरी कोणीतरी सांगितले पाहिजे.

घणसोलीकर · बुधवार, सकाळी ९:४४

पदविकेला मी नाव ठेवलेले नाही. ज्याला आयआयटीला जायचे आहे, त्याच्यासाठी लिहिले होते. पदविका करणाऱ्यालाही दुसऱ्या वर्षाचे गणित जड जाते, हे आपणही मान्य कराल.

वर्कशॉप_सात · बुधवार, सकाळी ९:५८

मान्य करतो, मला ते पहिले सहा महिने फार जड गेले. तरीही त्या वर्गातील किती मुले आयआयटीला जाऊ इच्छितात, हे धागाकर्तीने अजून सांगितलेले नाही आणि आपण मात्र सर्वांनाच ती इच्छा असल्याचे गृहीत धरून लिहीत आहात.

निवृत्त_गणित_शिक्षक · बुधवार, दुपारी १२:१५

मी ठाण्यात तीस वर्षांहून अधिक काळ आठवी ते दहावीला गणित शिकवले. कळवा_पूर्व, आपण इतरांना विचारत आहात की त्यांनी स्वतःला काय सांगितले असते, परंतु बाईंनी तो प्रश्न आपल्याला विचारला आहे. आपली अकरावी कशी गेली, हे आपण अद्याप एका शब्दाने लिहिलेले नाही. इच्छा नसेल तर लिहू नका. मात्र माझा अनुभव असा आहे की माजी विद्यार्थी वर्गात येतात तेव्हा मुले त्यांचे गुण विसरतात आणि ते कोठे अडले, एवढेच लक्षात ठेवतात.

ऐरोली_द्वितीय_वर्ष · बुधवार, दुपारी १:०२

मी वाणिज्य शाखेची आहे. माझ्या दहावीतल्या मला मी सांगेन की मैत्रिणी विज्ञानाला चालल्या म्हणून तू जाऊ नकोस. मी गेले आणि अकरावीच्या सहामाहीनंतर शाखा बदलली. त्या काळात माझी झोप उडाली होती. मुलांना टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून द्या. तो केंद्र सरकारचा आहे, विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते. मला तेव्हा तो ठाऊक नव्हता.

कळवा_पूर्व · बुधवार, रात्री ११:२०

सरांचा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसून परत येताना ठरवले की लिहावे.

मला दहावीला ९१ टक्के होते आणि गणितात ९६ गुण. विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला. अकरावीच्या गणिताचा पहिलाच धडा कोन आणि त्याचे मापन हा आहे. शाळेत मी कोन अंशांत मोजत आले होते. तेथे पहिल्याच तासाला फळ्यावर पाय (π) भागिले सहा लिहिले गेले, आणि ते आपले तीस अंशच आहेत, हे मला पुढचे आठ दिवस कळले नाही. भौतिकशास्त्रात तर माझी वही अजूनही माझ्याकडे आहे. तिच्या समासात मी देवनागरीत "डिस्प्लेसमेंट" लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे. नववीच्या पहिल्याच धड्यात, गतीच्या नियमांत, विस्थापन आणि अंतर यांतील फरक मी शिकले होते आणि त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते. तोच तो शब्द आहे, हे विचारण्यासाठी हात वर करायला हवा होता, एवढेच. मी तो केला नाही. आजूबाजूच्या सर्वांना समजते आहे असे वाटत होते, आणि ९१ टक्क्यांच्या मुलीने असे विचारणे मला शोभणार नाही, असेही वाटत होते.

पहिल्या घटक चाचणीत भौतिकशास्त्रात २५ पैकी ६ गुण मिळाले. ती उत्तरपत्रिका मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात अंथरलेल्या कागदाखाली ठेवली. नंतरच्या दोन उत्तरपत्रिकाही तेथेच गेल्या. बाबा कारखान्यातून रात्रपाळी करून आले की विचारायचे, "अभ्यास कसा चाललाय?" आणि मी "चांगला" म्हणायचे. हे सात महिने चालले.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिकाच्या वेळी व्हर्निअर कॅलिपर हे बारीक माप घेण्याचे उपकरण हातात घेऊन मी नुसतीच उभी होते. प्रयोगशाळा सहायक काका मुलांना साहित्य काढून देत होते. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाळा, लीस्ट काउंट म्हणजे तुमचे लघुतम माप. मराठी शाळेतून आलीस ना?" त्या दिवशी मी पहिल्यांदा वाचन बरोबर घेतले. परंतु तोपर्यंत अकरावी संपत आली होती, बारावी त्याच कच्च्या पायावर गेली, आणि त्यानंतर माझे एक वर्ष घरी गेले. आज मला संख्याशास्त्र मनापासून आवडते, तरी ते वर्ष गेले ते गेलेच.

म्हणूनच मी टिपणे फाडत होते. ही गोष्ट शाळेत सांगावी की नाही, हेच मला ठरवता येत नव्हते, आणि ते मी पहिल्या संदेशात लिहायला हवे होते.

खारघर_सेमी · गुरुवार, सकाळी ७:३०

यावर उपाय सरळ आहे. सर्व मराठी शाळांनी आठवीपासून गणित आणि विज्ञान सेमी-इंग्रजीत शिकवावे. मी तसाच शिकलो आणि मला काहीही अडचण आली नाही.

निवृत्त_गणित_शिक्षक · गुरुवार, सकाळी ८:४०

खारघर_सेमी यांना अडचण आली नाही याचा आनंद आहे, परंतु या मुलीला विस्थापन पक्के समजले होते आणि ते मराठीतून समजले होते. अडले ते एका शब्दाशी. मी सेमी-इंग्रजीच्या वर्गांनाही शिकवले आहे. त्यांतील अनेकांना शब्द येत, पण संकल्पना विचारली की मान खाली जाई. शनिवारी समोर बसणारी मुले आता दहावीत आहेत. त्यांचे माध्यम आता बदलणार नाही, त्यामुळे तो वाद त्यांच्या कामाचा नाही.

त्यांच्या कामाची गोष्ट सांगतो. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि गणिताच्या मराठी व इंग्रजी पुस्तकांत धडे तेच, क्रम तोच आणि आकृत्याही त्याच असतात. दोन्ही पुस्तके ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर अकरावी सुरू होईपर्यंत मुलांच्या हाती दोन-तीन महिने असतात. जो धडा मराठीत पाठ आहे तोच इंग्रजी पुस्तकात उघडावा, आकृतीवरून शब्द ओळखावेत आणि वहीत दोन स्तंभ करावेत: संवेग, मोमेंटम; त्वरण, ॲक्सिलरेशन; लघुतम माप, लीस्ट काउंट. शिकवणीची गरज नाही, पैसे लागत नाहीत. माझ्या शेवटच्या काही तुकड्यांकडून मी हे करून घेतले होते.

आणि गोष्ट अवश्य सांगा. वही सोबत न्या.

तीनहात_नाका · गुरुवार, सकाळी ९:१५

वहीचे ते पान मुलांच्या हातात द्या, पुढून मागच्या बाकापर्यंत फिरू द्या. माझी एक शंका आहे. कागदाखाली लपवलेल्या उत्तरपत्रिकांविषयी सांगणार आहात का? ते ऐकून कोणी तशीच युक्ती करील, असे बाईंना वाटू शकते.

ऐरोली_द्वितीय_वर्ष · गुरुवार, सकाळी ९:५०

सांगायलाच हवे. ज्या मुलाने आधीच लपवली आहे, त्याला त्याच वाक्याची गरज आहे. माझ्या दप्तरात असा एक कागद होता.

वर्कशॉप_सात · गुरुवार, सकाळी १०:२०

पदविकेच्या पहिल्या वर्षातही हाच प्रश्न येतो. मलाही टॉर्क हा शब्द महिनाभर परका वाटला. ही दोन स्तंभांची वही सर्वच शाखांना उपयोगी पडेल, म्हणून फक्त विज्ञानाला जाणाऱ्यांसाठी आहे असे सांगू नका.

घणसोलीकर · गुरुवार, दुपारी १:३५

मी इंटिग्रेटेडच्या वर्गात दीडशे मुलांत बसत होतो आणि मीही हात वर केला नव्हता. हे काल लिहायला हवे होते.

कळवा_पूर्व · गुरुवार, रात्री १०:०५

बाईंशी बोलले. उत्तरपत्रिकांचे सांगायला त्यांची हरकत नाही, मात्र त्यानंतर लगेच "आणि मी घरी केव्हा सांगितले" हेही सांगावे, असे त्या म्हणाल्या. मी बारावीच्या निकालाच्या दिवशी सांगितले. बाबा रागावले नाहीत. ते बराच वेळ कपाटापुढे बसून त्या तीन उत्तरपत्रिका वाचत होते. तेही सांगेन. दहावीच्या इंग्रजी पुस्तकातील गुरुत्वाकर्षणाच्या धड्याची दोन पाने छापून नेणार आहे, म्हणजे वर्गातच पाच शब्द ओळखून पाहता येतील.

कळवा_पूर्व · शनिवार, दुपारी २:४५

जाऊन आले. बारा मिनिटांची पस्तीस मिनिटे झाली. वही मागच्या बाकापर्यंत गेली आणि एका मुलाने प्रश्नचिन्हाखाली पेन्सिलीने "विस्थापन" लिहून ती परत दिली. पाच शब्दांपैकी चार वर्गाने आकृतीवरून ओळखले. मुक्तिवेग (एस्केप व्हेलॉसिटी) मात्र मला सांगावा लागला. १४४१६ फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला होता, तो बाईंनी पुसू दिला नाही.

सीवूड्सच्या काकू, तुमची मी क्षमा मागते. तास संपल्यावर दारापाशी सात-आठ मुली थांबल्या होत्या आणि त्यांतील पाच जणींनी पसंतीक्रम आणि दाखले यांविषयीच विचारले. मी मोबाइलवर तुमचा संदेश उघडून त्यांना वाचून दाखवला. एकीला नॉन-क्रीमी लेअरसाठी वडिलांचे किती वर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते, हे हवे होते. मी तिला सोमवारी सांगते म्हटले आहे. कृपया आपण ते येथे लिहाल का?

सीवूड्सची_आई · शनिवार, दुपारी ३:२०

तीन आर्थिक वर्षांचे, बाळा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. वडील नोकरीत असतील तर फॉर्म १६ (पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) सोबत ठेवायला सांग. प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा ते कोणत्या वर्षापर्यंत चालेल हे हातात घेतानाच वाचून घ्यायला सांग. तिच्या आईला माझ्याशी बोलायचे असेल तर येथेच लिहू दे, मी रोज संध्याकाळी पाहते.