पत्र्याखाली स्प्रे फोम: मारावा की नाही?

धागाकर्ता: वरच्या खोलीला लाकडी वासे आणि त्यावर पत्रा. दुपारी तिथे बसवत नाही. कंत्राटदार म्हणतो, खालून स्प्रे फोम मारून टाका, कायमची कटकट मिटेल. मारू का? ओपन सेल (उघड्या छिद्रांचा, मऊ) की क्लोज्ड (बंद बुडबुड्यांचा, कडक)?

भरदुपारी: डोळे झाकून क्लोज्ड. इंचामागे आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, 6 ते 7 मिळते, ओपनची साडेतीनच्या आसपास. शिवाय फटी बुजतात, हे थर्माकोलच्या शीटला जमत नाही. माझ्याकडे थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम सुटून अंथरुणावर थेंब पडायचे. फोम मारल्यापासून एकही नाही.

वासेवाला: डोळे झाकून म्हणूनच तर घोटाळा होतो! एका घरातला क्लोज्ड फोम मी स्वतः करवतीच्या पात्याने कापून काढलाय. वरून नटबोल्टपाशी बारीक गळत होतं, खाली टिपूस नाही. पाणी फोम आणि लाकडाच्या मधे मुरत राहिलं. वाशात स्क्रूड्रायव्हर टोचला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. घराचे वासे फिरतात ते असे. ओपन सेल असता तर निदान खाली डाग तरी दिसला असता.

भरदुपारी: गळक्या पत्र्याचा राग फोमवर कशाला? आधी गळती काढा, मग फोम. आणि ओपन सेल म्हणजे स्पंज, त्यातून खोलीतली वाफ आरपार जाते आणि थंड पत्र्याला लागून पाणी होते. मग वासे कुजणार नाहीत का?

वासेवाला: कुजतीलच. म्हणून मी दोन्ही नको म्हणतोय. आधी पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग मारून बघा. पटला नाही तर निदान खरवडत बसावं लागत नाही.

भरदुपारी: धूळ बसली की त्या रंगाचा जोर ओसरतो. दरवर्षी शिडी लावून धूत बसणार का?

गनमॅन: हे काम मी करतो, म्हणून मधे पडतो. फोम तयार होऊन येत नाही, तुमच्या छतावरच तयार होतो. दोन रसायनांचे दोन ड्रम असतात, एकात आयसोसायनेट आणि दुसऱ्यात पॉलिऑल. बंदुकीच्या तोंडाशी ते समप्रमाणात मिसळायला हवेत. प्रमाण बिघडलं की फोम आकसतो, नाहीतर सडक्या मासळीसारखा वास येत राहतो, आणि तो वास खिडक्या उघडून जात नाही, फोमच काढावा लागतो. जाड थर एका दमात मारू देऊ नका, आत उष्णता कोंडून करपतो, पेटल्याचेही प्रकार आहेत. फवारताना घरात कुणी नको, नंतरही किमान 24 तास. दमेकऱ्यांनी तर जास्तच जपावं, आयसोसायनेटने धडधाकट कामगारांनाही दमा जडतो. आणि राहत्या खोलीत फोम उघडा सोडायचा नाही, आगीसाठी अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड हवाच. कंत्राटदार बोर्डाचं बोललाय का?

धागाकर्ता: नाही, बोर्डाचा विषयच निघाला नाही. आणि आत्ता टॉर्च घेऊन वर चढलो होतो, दोन वाशांवर जुना काळपट डाग आहे. पाऊस होऊन जाऊ दे, मगच ठरवतो.

भरदुपारी: बघ. डाग कोरडा निघाला तर क्लोज्डच मार.

वासेवाला: स्क्रूड्रायव्हर टोचल्याशिवाय नाही!