सीजे ३बी: पुढच्या ॲक्सलचा क्रॉस, वळताना कटकट आवाज

काटोल रोड:
महिंद्रा सीजे ३बी जीप, फोर बाय फोर, फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) नाहीत. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून कटकट आवाज येऊन राहिला आहे. सरळ रस्त्यावर काहीच नाही. नकलच्या (चाक जिथून वळतं त्या घराच्या) गोळ्यावरून तांबूस पातळ ग्रीस ओघळतं. मेकॅनिक म्हणतो अख्खा शाफ्ट बदला. नुसता क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) बदलून भागेल का? बाक (व्हाइस) आहे, सॉकेट सेट आहे, प्रेस नाही. पावसाळ्याच्या आत उरकायचं आहे, उमरेडकडे काळ्या मातीतून शेतात जावं लागते.

हिंगणा फोरबायफोर:
भाऊ, उघडल्याशिवाय सामान घेऊ नका. या घराण्याच्या जीपला पुढे क्रॉसच असतो असं नाही. आत पाच गोळ्या निघाल्या तर तो बेन्डिक्सचा जॉइंट, मग आणलेला क्रॉस तसाच पडून राहील.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा. नकल गोळ्यावर हलत असेल तर किंगपिन (नकलची वळायची खीळ), नुसता हब हलत असेल तर चाकाचं बेअरिंग. दोन्ही घट्ट असतील तरच शाफ्ट काढा.

गाडी स्टँडवर घ्या. हबचं झाकण, शाफ्टच्या टोकाचं सर्क्लिप (खाचेत बसणारं स्प्रिंगचं कडं), मग फ्लँजचे सहा बोल्ट. लॉक वॉशरची वाकवलेली कड सरळ करून दोन्ही नट काढले की ड्रमसकट हब येतो. ब्रेक प्लेट होज न सोडता तारेनं स्प्रिंगला टांगून ठेवा, म्हणजे ब्रेकची हवा काढायचं काम वाढत नाही. स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती पोकळ नळी) चिकटलं असेल तर लाकडाचा ठोकळा लावून ठोका. खाली परात ठेवा, आतलं सगळं ग्रीस बाहेर येईल. शाफ्ट ओढताना त्याचा भार आतल्या ऑइल सीलवर टेकू देऊ नका. ते सील कापलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये उतरतं आणि तिथून ब्रेकच्या लायनरवर.

तांबूस ग्रीस म्हणजे पाणी आत गेलंय. बाहेरचा फेल्ट सील सोबतच बदला. नाहीतर यंदाच्या चिखलात नवा क्रॉसही तसाच गंजेल.

वाडी लेथ:
शाफ्ट बाद आहे की नाही, हे योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या काट्याचे, कान सांगतात. सर्क्लिप काढा आणि बाकात दोन सॉकेट लावा: एका बाजूला कपापेक्षा (क्रॉसच्या टोकावरच्या बेअरिंगच्या टोपीपेक्षा) किंचित लहान, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढा मोठा. बाक आवळला की समोरचा कप मोठ्या सॉकेटमध्ये सरकतो. जुन्या क्रॉसच्या दांडीवर नख फिरवा. कपातल्या नीडलच्या (सुईसारख्या रोलरच्या) बारीक उभ्या खाचा नखाला लागतील. कटकट तिथूनच येते.

आता नवा कप रिकाम्या कानात बसवून पाहा. अंगठ्यानं दाबून सरकन आत गेला तर कान सैल झाले आहेत, मेकॅनिक बरोबर आहे. पंच मारून किंवा वेल्डिंगचा थेंब टाकून कान घट्ट करणारे भेटतील, पण ते टिकत नाही. कप दाबून न्यावा लागत असेल तर नुसता क्रॉस पुरे. कप अडकला म्हणून गॅसची ज्योत मात्र लावू नका, कानाचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं.

दुकानात ‘जीपचा क्रॉस’ म्हणून मागू नका, प्रोपेलर शाफ्टचा हातात पडेल. जुना क्रॉस घेऊन जा. कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांची बाहेरून बाहेर लांबी व्हर्निअरनं जुळवा, सर्क्लिप आतून बसतं की बाहेरून तेही पाहा. ग्रीस भरायचं निपल नसलेला मिळाला तर तोच घ्या. बंद नकलमध्ये ग्रीस गनचं तोंड पोचत नाही, आणि ग्रीससाठी भोक पाडलेली दांडी कमजोरच.

काटोल रोड:
समजलं. बसवताना सर्क्लिप खाचेत जात नाही म्हणतात, ते कशानं?

वाडी लेथ:
दहातल्या नऊ वेळा एक नीडल आडवी होऊन कपाच्या तळाशी पडलेली असते. दांडी तिच्यावर टेकते, कप तेवढाच बाहेर राहतो. लोक तिथंच हातोडा घालतात आणि कपाचा तळ फुटतो. कप परत काढा. नीडल लिथियम ग्रीसनं भिंतीला चिकटवून उभ्या करा, मोजा. पहिला कप अर्धा आत नेऊन क्रॉसची दांडी त्यात शिरवा, मग समोरचा कप. दोन्हीकडून दांडी कपात राहिली की नीडल पडायला जागाच उरत नाही. खाच आधी टोकदार सुईनं खरवडून घ्या.

सगळी सर्क्लिप बसली आणि जॉइंट कडक वाटला तर कानाच्या बाहेरच्या अंगाला पितळी हातोडीनं एकेक टोला द्या, कप सर्क्लिपला टेकतात. शाफ्टचं टोक स्वतःच्या वजनानं हळू झुकायला हवं, खडखडता कामा नये.

हिंगणा फोरबायफोर:
बेअरिंगची सेटिंग राहिलीच: चाक फिरवत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट, वॉशरची कड वाकवा. पाच-सहा किलोमीटर चालवून हब हाताला किती गरम लागतो ते पाहा, पण उन्हं उतरल्यावर. मे महिन्यात दुपारी इथं उभ्या गाडीचा हबही चटका देतो.