रडार डोंगरावरच कशाला? (नारकोंडमच्या निमित्ताने)

मृण्मयी_के
परवा एका व्याख्यानात नारकोंडम बेटाबद्दल ऐकलं. उत्तर अंदमानच्या पूर्वेला शंभराहून जास्त किलोमीटरवर, सुमारे सात चौरस किलोमीटरचं बेट. मधोमध ७१० मीटर उंचीचा ज्वालामुखीचा डोंगर. जगात फक्त तिथेच राहणारा नारकोंडम धनेश पक्षी, तोही मोजकाच. तटरक्षक दलाला तिथे रडार, जनरेटर आणि टेकाडापर्यंत रस्ता हवा होता. २०१२ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी परवानगी नाकारली, २०१४ मध्ये त्या खात्याचे मंत्री झालेल्या प्रकाश जावडेकरांनी ती दिली.
राजकारण नको, प्रश्न साधा आहे. लक्ष समुद्रावर ठेवायचंय, तर रडार किनाऱ्यावरच्या पोलीस चौकीशेजारी का नाही चालत? आणि अशी जागा बघायला जाणारी माणसं नक्की काय बघतात?

गण्या
पृथ्वी गोल आहे. विषय संपला.

सुभेदार_आबा
गण्या, विषय तिथून सुरू होतो रे.
मृण्मयीताई, हिशोब सोपा आहे. रडारच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. येतील तेवढे किलोमीटर रडारचं क्षितिज, त्यापलीकडचं पाणी गोलाईआड. किनाऱ्यावर ४० मीटरचा मनोरा उभारलात तर २६ किलोमीटर. ७०० मीटरवर चढलात तर १०९. समोरची बोट पाण्यावर चार मीटर उंच असेल तर दोन्हीकडे आणखी आठ धरा. अर्थात लहान होडीचा प्रतिध्वनी एवढ्या लांबून लाटांच्या गोंधळातून वेगळा काढता येईलच असं नाही. पण जहाजाच्या बाबतीत फरक मोठा पडतो.
मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, सर्व्हेअर होतो. ईशान्येकडे रडारसाठी जागा पाहायला, अशा एका रेकीला गेलो होतो, डोंगराचं नाव विचारू नका. उंची बघायला खरं तर डोंगर चढावाच लागत नाही, टोपोशीटवर (सर्व्हेच्या नकाशावर) कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा असतात. चढायचं ते बाकीच्या गोष्टींसाठी. थिओडोलाइटची (कोन मोजायच्या दुर्बिणीची) पेटी आणि तिकाटणं पाठीवर घेऊन लाकूडतोड्यांच्या पायवाटेने वर गेलो, तर वर सगळा ढग. मग ढग हटेपर्यंत बसून राहायचं, हीच ड्युटी.
उघडल्यावर यंत्र लावून पूर्ण चक्र फिरायचं. दर काही अंशांवर थांबून समोरची डोंगररांग आपल्या पातळीपेक्षा किती वर, किती खाली, तो कोन लिहायचा. एखाद्या दिशेला रांग फक्त एक अंश वर असली, तरी शंभर किलोमीटरवर आपल्यापेक्षा पावणेदोन हजार मीटर उंचीपर्यंतचं विमान लपतं. पृथ्वीच्या गोलाईचे आणखी जवळपास सहाशे मीटर त्यात मिळवा. एका अंशाची ही किंमत!
गंमत म्हणजे सर्वांत उंच टोक नेहमी चांगलं नसतं. तिथून जवळची प्रत्येक टेकडी रडारला दिसते आणि पडदा नको त्या ठिपक्यांनी भरतो. आमच्या सिग्नलच्या साहेबांना माथ्याखालचा खांदा पसंत पडला होता. तसंही माथ्यावर देऊळ होतं. आपल्या देशात असतंच. गुरुशिखरावर जाऊन या, दत्ताचं देऊळ आणि हवाई दलाचं रडार शेजारी शेजारी.
पण जागा बहुतेक वेळा बाद होते ती भलत्याच कारणांनी. झरा वैशाखात टिकतो का, हे नकाशा सांगत नाही, गुराखी सांगतो. नुसता कातळ असला तर अर्थिंग मिळत नाही, आणि वीज तर पहिली तिथेच पडणार. मेगरने (विजेचा रोध मोजायच्या यंत्राने) रीडिंग घेतलं की साहेबांचे चेहरे बघावेत! आणि रस्ता. अँटेना सुटी करून नेता येते, जनरेटर नाही नेता येत. भरलेला ट्रक वळणार म्हणजे वळण रुंद हवं, रुंद वळण म्हणजे डोंगर खोदा, झाडं पाडा. रडारला स्वतःला लागते एखाद्या शाळेच्या पटांगणाएवढी जागा. बाकी सगळं रस्ता खातो. नारकोंडमचं भांडण मला तरी रस्त्याचं आणि डिझेलचं वाटतं.

रानभूल
आबा, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते, नर तिथून भरवतो. एवढी ढोली असलेलं झाड तयार व्हायला पिढ्या जातात, आणि रस्त्याच्या आखणीत ते नेमकं मध्ये येतं. बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे) तेव्हाचे संचालक असद रहमानी बेटावर जाऊन आले होते, त्यांचं मत प्रकल्पाच्या विरोधातच होतं.
पण रस्त्याशिवाय होऊच शकत नाही का? हेलिकॉप्टर?

सुभेदार_आबा
बांधताना हेलिकॉप्टर चालेल. नंतर वर्षानुवर्षं डिझेल, सुटे भाग, आजारी पडलेला जवान, हे कोण नेणार? पावसाळ्यात अंदमानात ते रोज उडेल या भरवशावर ठाणं चालवता येत नाही.
दुसरा मार्ग आहे. शीतयुद्धात अमेरिकनांनी अलास्कातल्या टिन सिटीला रडार माथ्यावर ठेवलं, मुख्य तळ खाली, आणि मध्ये तारेवरचा पाळणा. आपल्या रायगडाला रोपवे आहे तसाच समजा. खांबांपुरती झाडं जातात. मात्र वादळी वाऱ्यात पाळणा बंद, म्हणजे वर दाणागोटा भरून ठेवावा लागतो. माझं मत विचाराल तर नाजूक बेटावर मी आधी पाळण्याचंच अंदाजपत्रक मागितलं असतं. पण सर्व्हेअरला कोण विचारतो!

मृण्मयी_के
आबा, ते डोंगररांगेचे कोन मोजायचं काम शाळेच्या मुलांकडून करून घेता येईल का? सिंहगडाची सहल आहे पुढच्या महिन्यात.

सुभेदार_आबा
येईल की. मोठा कोनमापक, त्याच्या मध्यावर दोरा आणि खाली नट बांधून ओळंबा. सरळ कडेवरून समोरची रांग न्याहाळायची, दोरा कुठे पडतो ते दुसऱ्याने वाचायचं. होकायंत्राने दिशा घ्या, दर दहा अंशांना एक नोंद. सकाळी लवकर करा, दुपारी धुरकट होतं. आणि पोरांना कड्यापासून लांब बसवा.