वाड्यातली भाटी, तीन पिल्लं आणि ‘शेतात सोडून या’ म्हणणारे शेजारी

वाड्यातली:
बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात एक भाटी, म्हणजे मांजरी, आहे, तिची तीन पिल्लं आहेत आणि एक बोका येऊन-जाऊन असतो. पिल्लं लाकडांच्या ढिगातून बाहेर येऊन खेळतात, माणूस दिसला की फिस्कारून आत पळतात. भाटी हात लावू देत नाही. शेजारी म्हणतात, पोत्यात घालून पादरा गावाकडच्या शेतात सोडून या. दोन घरं शाकाहारी आहेत, मासळीचा वास त्यांना चालत नाही. भाटीची नसबंदी करायची आहे आणि पिल्लांना घरं शोधायची आहेत. सुरुवात कुठून करू?

बोकोबा:
शेताचा विषय आधी संपवा. अनोळखी जागी सोडलेलं मांजर जुन्या जागेच्या ओढीने निघतं आणि रस्त्यात गाडीखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातं. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. शिवाय अन्न आणि आडोसा तिथेच राहिला की चार दिवसांनी दुसरं मांजर येतं.

आता सापळा. झडपेचा लोखंडी पिंजरा मिळवा, उंदराचा नव्हे, साधारण अडीच-तीन फूट लांबीचा. आठवडाभर झडप तारेने उघडी बांधून ठेवा आणि रोज ठरल्या वेळी खाणं पिंजऱ्याजवळ, मग दारात, मग आत सरकवत न्या. तळाला वर्तमानपत्र अंथरा, कारण पायाला जाळी टोचली की मांजर मागे फिरतं. पकडायच्या आदल्या संध्याकाळपासून खाणं बंद, पाणी मात्र चालू. आमिष पट्टीच्या (जिच्यावर पाय पडला की झडप पडते) पलीकडे, अगदी शेवटच्या टोकाला ठेवा. अलीकडे ठेवलंत तर ती पट्टीवर पाय न देता खाऊन जाईल, नेहमीची चूक हीच. झडप पडली की लगेच वरून जाड चादर टाका, अंधारात ती शांत होते. पिंजरा सोडून कुठे जाऊ नका, आणि मे महिन्याच्या बडोद्याच्या उन्हात दुपारी तर लावूच नका.

भाटी आत जातच नसेल तर आधी पिल्लं पकडा. ती मांजर नेण्याच्या बंद पेटीत, म्हणजे कॅरियरमध्ये, ठेवून कॅरियर पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला टेकवा, दोन्हींवर एकच चादर टाका. पिल्लांच्या आवाजाने ती आत शिरते.

पकडण्याआधीच डॉक्टरांची वेळ ठरवून ठेवा. भूल उतरण्याआधी कानाचं टोक सरळ कापून घ्यायला सांगा, मोठ्या मांजराचं साधारण एक सेंटिमीटर. तो कान लांबून ओळखता येतो आणि तीच मांजरी पुन्हा पकडली जात नाही.

सूरसागर_काठ:
शाकाहारी शेजाऱ्यांसाठी: दूध-पोळीवर मांजर नीट जगत नाही, त्याला टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं आणि ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं. पण मासळीच हवी असं नाही. मांजरांचं सुकं खाद्य द्या, मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ६० ग्रॅम. अर्ध्या तासाने ताटली उचला, म्हणजे मुंग्या, उंदीर आणि तक्रारी तिन्ही कमी. मासळीचा तुकडा फक्त पकडायच्या दिवशी, अंगणात नाही, पिंजऱ्यात.

वाड्यातली:
एका डॉक्टरांचं म्हणणं, भाटी दूध पाजतेय, दूध आटेपर्यंत थांबा. थांबू का?

बोकोबा:
पिल्लं अगदी लहान असती तर मीही थांबा म्हणालो असतो. पण धावणारी, फिस्कारणारी पिल्लं म्हणजे बहुधा महिना ओलांडलेला, ती आईवाचून खाऊ शकतात. इथे थांबण्यातच धोका आहे, कारण पाजणारी भाटीही माजावर येते आणि नवा गाभ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. पोटाच्या मधोमध छेद न घेता कुशीतून ऑपरेशन करणारे डॉक्टर शोधा. दुधाने सुजलेल्या आचळांना धक्का लागत नाही, जखमही लांबून दिसते. टाके विरघळणारेच घालायला सांगा, ती पुन्हा हाती लागणार नाही.

नंतर ती पूर्ण जागी होईपर्यंत पिंजऱ्यातच, उबेत. पिल्लं तुमच्याकडे असतील तर दोन दिवस ठेवून सोडा, अंगणातच असतील तर शुद्धीवर आल्यावर २४ तासांच्या आत. वेदनेसाठी पॅरासिटामॉल अजिबात नको, मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते.

बोक्यालाही वगळू नका, त्याचीही नसबंदी करून घ्या. नंतर त्याला पिंजऱ्यात एक रात्र पुरते. मूत्राचा उग्र वास आणि मारामाऱ्या काही आठवड्यांत उतरतात, आणि शेजाऱ्यांची खरी तक्रार बहुतेक तीच असते.

भाटीभक्त:
पिल्लांचं. वय माहीत नसेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. महिन्याचं पिल्लू साधारण ४५० ग्रॅम, दोन महिन्यांचं ९०० ग्रॅम ते एक किलो. त्यानंतर लाजरेपणा घालवणं दर आठवड्याला अवघड होत जातं, म्हणून आत्ताच उचला, पण जाड टॉवेलने. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा.

हॉलमध्ये मोकळं सोडू नका, कपाटामागे गेलं की आठवडा वाया. न्हाणीघर किंवा कुत्र्याचा मोठा पिंजरा बरा. खाणं फक्त माणसाच्या हातून: शिजवलेलं, मीठ-मसाला नसलेलं चिकन मऊ करून लांब चमच्यावर, मग चमचा आखूड करत बोटावर. गाईचं दूध नको, हगवण लागते. शी-शूच्या पेटीत गोळे होणारी लिटर (तयार माती) इतक्या लहानांना देऊ नका, ती खातात. कागदाचे तुकडे किंवा बारीक वाळू चालते.

घरात आधीचं मांजर असेल तर निदान दोन आठवडे वेगळी खोली आणि वेगळ्या ताटल्या. सुस्त झालं, उलट्या सुरू झाल्या, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं तर पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाची शंका घ्या आणि तासाभरात डॉक्टर गाठा. फिनेलने फरशी पुसू नका, मांजरांना ते विषारी. एक भाग ब्लीच, ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुऊन घ्या. कुत्र्यांची पिसवांची औषधंही नकोत, त्यांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

सूरसागर_काठ:
पहिली लस आठव्या आठवड्याला, रेबीजची तीन महिन्यांना. किलोभर वजन झालं की नसबंदी करूनच द्या. ‘नंतर करून घेऊ’ म्हणणारे बहुतेक करत नाहीत. तिघांपैकी दोन एका घरी गेली तर उत्तम, एकटं पिल्लू माणसाच्या हाताला जास्त चावतं. द्यायच्या आधी त्यांच्या गॅलऱ्या आणि खिडक्या पाहून या. कबुतरांची नायलॉनची जाळी मोठ्या भोकांची असते, त्यातून पिल्लाचं डोकं बाहेर जातं. एका इंचापेक्षा लहान भोकं हवीत आणि खालची कड घट्ट बांधलेली हवी.