अनुभव धागा: मालकाने शिकवलं तेव्हा काय झालं?

मी गोव्यात कुंडईच्या एका कारखान्यात एचआरचं काम बघते. गेल्या महिन्यात कामगारांच्या प्रशिक्षणाच्या खर्चाचा कागद मालकांपुढे ठेवला आणि उत्तर आलं, "आम्ही शिकवायचं, दुसऱ्याने पळवायचं." हेच वाक्य मी याआधीच्या दोन नोकऱ्यांतही ऐकलं आहे. त्याला उत्तर म्हणून मला माणसांचे अनुभव हवे आहेत. पगार चालू असताना मालकाच्या खर्चाने काही शिकलात का? कोणी शिकवलं, किती दिवस, पुढे तिथेच राहिलात की गेलात? मालक असाल तर तुमची बाजूही लिहा. कंपनीचं नाव मात्र कोणीही देऊ नका.

वेर्णा, औषध कारखाना, ऑपरेटर

चौदा वर्षं झाली. पहिली सहा वर्षं ट्रेनिंग म्हणजे एक रजिस्टर यायचं. "एसओपी वाचली, समजली" याखाली सही करायची आणि मशीनवर परत. एसओपी म्हणजे काम कसं करायचं त्याचा लेखी कागद, तो इंग्रजीत, माझं शिक्षण दहावी. समजली नाही असं लिहायला रकानाच नव्हता.

मी गोळ्या दाबायच्या मशीनवर आहे. पावसाळ्यात एक त्रास ठरलेला. गोळी बाहेर पडली की तिचा वरचा भाग टोपीसारखा सुटायचा. आम्ही त्याला कॅपिंग म्हणतो. बाहेर दमट हवा, म्हणून आम्ही ग्रॅन्युल, म्हणजे ज्यांची गोळी दाबतात ते औषधाचे दाणे, जास्त वेळ ड्रायरमध्ये ठेवायचो. जितकं कोरडं तितकं चांगलं, हा आमचा समज. गोळी सुटायला लागली की मशीनचा दाब वाढवायचो. मग आणखी सुटायची. अख्खे ड्रम बाजूला काढावे लागायचे, आणि शिव्या ऑपरेटरला.

मग प्रॉडक्शनला एक नवे साहेब आले. त्यांनी तीन शनिवार, दर वेळी दोन तास, आम्हा आठ जणांना मशीनवरून उठवलं. पुढ्यात तीन ट्रे ठेवले. एकात ओलसर ग्रॅन्युल, एकात बरोबर, एकात जास्त वाळलेले. तिन्हींच्या गोळ्या आमच्याकडूनच दाबून घेतल्या आणि हाताने मोडायला लावल्या. मुठीत धरल्यावर जास्त वाळलेलं कसं लागतं, ते तेव्हा कळलं. थोडा ओलावा असला तरच दाणे एकमेकांना धरतात, आणि फार दाबलं की आत कोंडलेली हवा गोळी फोडून बाहेर येते. ओलाव्याची टक्केवारी मोजायचं यंत्र लॅबमध्ये होतंच, आम्हाला कोणी दाखवलं नव्हतं. सगळं मराठी-कोकणीत सांगितलं. आता ओलाव्याचा आकडा बघितल्याशिवाय मी माल मशीनमध्ये घेत नाही, आणि आकडा बसत नसेल तर मीच वर फोन करतो. पूर्वी ही हिंमत नव्हती.

ते सहा तास मशीन बंद ठेवण्यासाठी साहेबांना वर भांडावं लागलं, हे मागाहून कळलं. मला दोन वर्षांपूर्वी शेजारच्या कंपनीने बोलावलं होतं, पगार थोडा जास्त. गेलो नाही. इथे माझं म्हणणं ऐकतात.

सत्तरी, आधी खाणीवर मेकॅनिक

आमच्या खाणीने आम्हा चार मेकॅनिकना तीन आठवडे परराज्यात, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर पाठवलं होतं. एक्सकॅव्हेटरचं, म्हणजे खोदाईच्या मशीनचं, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा भाग) शिकायला. येण्याजाण्याचं, राहण्याचं, पगार, सगळं खाणीचं. त्याआधी प्रेशर कमी झालं की आम्ही सरळ पंप खोलायचो. तिथे गेज लावून आधी दोष शोधायला शिकलो.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. चौघांपैकी कोणी फार दिवस घरी बसला नाही. मी मोपाच्या विमानतळाचं काम चालू होतं तेव्हा तिथल्या मशीनवर होतो. माझ्या मेव्हण्याचा मात्र ट्रक होता, त्याला खनिज वाहण्यापलीकडचं काही कोणी शिकवलं नाही. बँकेचे हप्ते डोक्यावर, ट्रक अंगणात उभा. बोटी भरून माल जात होता, तेव्हा ड्रायव्हर लोकांनाही दुसरं एखादं काम शिकवता आलं असतं. त्याचं वाईट अजून वाटतं.

पेडणे, हॉटेलच्या किचनमध्ये

मी मोरजीच्या एका हॉटेलात भाजी निवडायला आणि भांडी घासायला लागले. पावसाळा आला की आम्हाला घरी बसवायचे, ऑक्टोबरला बोलावलं तर जायचं. एका जुलैत मालकीणबाईंनी फोन केला, "अर्धा पगार देते, दहा दिवस ये." अन्नसुरक्षेचं शिक्षण होतं. पंचवीस कामगारांमागे एक शिकलेला सुपरवायझर हवा असतो, पण बाईंनी आम्हा सगळ्यांनाच बसवलं.

5 ते 60 डिग्रीच्या मधे शिजवलेलं अन्न राहिलं की जंतू वाढतात, हे मला तिथे कळलं. आम्ही मसाला लावलेला इसवण (सुरमई) तासन् तास ओट्यावर ठेवायचो, रवा लावायला सोपं पडतं म्हणून. आता फ्रिजमधून लागेल तेवढाच निघतो. मासळी कापायची पाटी निळी, भाजीची हिरवी. थर्मामीटरची वही माझ्याकडे असते. त्या ऑक्टोबरला आमच्यातली एकही बाई दुसरीकडे गेली नाही. पगार वाढला, पण मला मोठी गोष्ट वाटते ती ही, की शेफ मला नावाने हाक मारून विचारतात.

मडगाव, गॅरेज

माझी बाजू दुसरी आहे. एका पोराला दोन वर्षं खपून गाडीचं एसी आणि वायरिंग शिकवलं. हात बसला आणि तो जहाजावर गेला. आमच्याकडे तारवटी होणं म्हणजे घर बांधणं, त्याला मी अडवणार कसा? पण तो गेल्यावरचे सहा महिने मला फार जड गेले. त्यानंतर एकाच पोरावर सगळं काम सोपवत नाही, दोघांना बरोबर शिकवतो. शिकवणं थांबवलेलं नाही.

म्हापसा, वीजकामाचा ठेकेदार

माझ्याकडे अकरा माणसं. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घ्यावेच लागतात, मला सक्ती नाही. तरी आयटीआयचे दोन घेतले. विद्यावेतनातला पंचवीस टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकारच्या योजनेतून मिळतो. पोर्टलवर नोंदणी करताना पहिल्यांदा डोकं दुखलं, दुसऱ्यांदा नाही.

पहिले तीन महिने नुकसानच. वायर वाया गेली, आणि माझा जुना माणूस शिकवण्यात अडकला. पण अर्थिंगचं, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या खड्ड्याचं, एक उदाहरण देतो. आपली जमीन जांभ्याची, पाणी धरत नाही. रीडिंग जितकं कमी तितकं चांगलं. पावसानंतर मोजलं की ते सुरेख येतं, मे महिन्यात त्याच खड्ड्याचं रीडिंग कितीतरी वर जातं. पूर्वी आमची माणसं कोळसा-मीठ घालून खड्डा बुजवायची आणि बिल करायची. मी दोन्ही पोरांना अर्थ टेस्टर (हे रीडिंग घ्यायचं यंत्र) हातात देऊन मेच्या उन्हात जुन्या साइटवर फिरवलं. चार ठिकाणी आमचंच काम परत करावं लागलं, स्वतःच्या खर्चाने. ते करायलाच हवं होतं, घरात माणसं राहतात. तेव्हापासून काम संपताना रीडिंग वहीत लिहितो आणि घरमालकाची सही घेतो. एक पोरगा पुढे सरकारी नोकरीत लागला, दुसरा आज माझा सुपरवायझर आहे.

डिचोली, आयटीआय, इलेक्ट्रिशियन, दुसरं वर्ष

माझा अनुभव अजून काही नाही. वरचं अर्थिंगचं वाचून विचारतोय, आम्ही अर्थ टेस्टर एकदाच लांबून बघितला आहे. म्हापशाचे काका, यंदा अप्रेंटिस घेणार का?

म्हापसा, वीजकामाचा ठेकेदार

घेणार. परीक्षा झाली की निकालाची वाट न बघता एकदा येऊन काम बघून जा. घरच्यांना सांगून ये, साइटवर संध्याकाळ होते. आणि बाकीच्यांनी लिहीत राहा, ही पानं मी असोसिएशनच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. देव बरें करूं.