पुरस्कार नाही म्हणून 'बनवाबनवी' अभिजात नाही म्हणे!

तापीकाठचा
इथेच एका भाऊंनी लिहिलंय: 'अशी ही बनवाबनवी'ला राष्ट्रीय पुरस्कार नाही, टीव्हीने सारखा लावून डोक्यात बसवलेला सिनेमा तो, अभिजात म्हणणं सोडा. वाचून डोकं फिरलं.

आमच्याकडे यावलला हळदीच्या रात्री व्हीसीआर भाड्याने यायचा. ओट्यावर टीव्ही, अंगणात अर्धं गाव. बाई बनलेल्या लक्ष्याच्या, म्हणजे पार्वतीच्या, डोहाळजेवणाला आजीने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला आणि नेमकी लाईट गेली. वायरमनचा उद्धार झाला, पण घरी कोणी गेलं नाही. लाईट आल्यावर पोरांनी कॅसेट मागे घेऊन तोच सीन पुन्हा लावला.

अमेरिकेतही हेच. 'सम लाईक इट हॉट', १९५९. बाप्ये बायकांच्या कपड्यात. ऑस्करची ६ नामांकनं, मिळालं १, तेही वेशभूषेला! त्या साली 'बेन हर'ने ११ नेली. २००० साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने विनोदी सिनेमांची यादी केली, तर पहिला नंबर कोणाचा? परीक्षकांना हसायला ४० वर्षं लागली.

शिस्तीत बोला
मीच तो भाऊ. आजी हसली हा निकष? कथा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, १९६६, हे बरं गाळलंत. आणि परीक्षक हसतच नाहीत म्हणता, तर 'जाने भी दो यारो' या विनोदी सिनेमासाठी कुंदन शाहांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार कसा मिळाला?

भुसावळ जंक्शन
'बीवी और मकान'मधला एक संवाद म्हणून दाखवा. इथे भरीत पार्टीत कोणी बनवाबनवीतलं नुसतं 'सत्तर रुपये' म्हटलं तरी पुढचं सगळे म्हणतात. ती संवाद लिहिणाऱ्या वसंत सबनीसांची लेखणी. पुरस्कारांचं म्हणाल, तर अशोकमामांना महाराष्ट्र भूषण २०२३ चा, पद्मश्री २०२५ ला. लक्ष्या २००४ लाच गेला. त्याचं काय?

अहिराणी गडी
भांडा पुण्या-मुंबईच्या सिनेमावरून! आपल्या बोलीचं पात्र म्हणजे गडी नाहीतर बावळट. खान्देशी विनोदाला कोण विचारतं? मालेगावच्या पोरांनी पदरमोड करून आपला 'शोले' काढला, त्यांच्यावर सिनेमा काढायला मुंबईवाले जागे झाले २०२५ ला.

नंदुरबारी
मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. खान्देशात कधी आलं?

अहिराणी गडी
१८६९ पर्यंत होतंच! इंग्रजांनी बागलाण-मालेगाव काढून नाशिकला जोडलं. माझी सासुरवाडी बागलाणातल्या सटाण्याची, तिथे घराघरात अहिराणी. कागद नाशिकचा, जीभ खान्देशी.

नंदुरबारी
सासुरवाडीवरून जिल्हे ठरायला लागले तर माझा अर्धा खान्देश सुरतेत जाईल. आणि ते मालेगावचे सिनेमे हिंदी-उर्दूत. त्यात अहिराणी कुठे?

अहिराणी गडी
तुमच्यासारखे घरभेदी आहेत म्हणूनच बोली मरतेय.

नंदुरबारी
घरभेदी कोणाला म्हणता? माझ्या घरात आजही अहिराणीच चालते. तुमची पोरं कोणत्या मीडियमला आहेत ते सांगा आधी.

तापीकाठचा
धागा बनवाबनवीचा आहे हो!

शिस्तीत बोला
राहू द्या, करमणूक चाललीय. आणि हो, सुधीर जोशींच्या घरमालकाला पुरस्कार द्यायला हवा होता, एवढं मान्य. एवढंच. अभिजात वगैरे मी अजून म्हटलेलं नाही.

भुसावळ जंक्शन
उपकार झाले. पोरांचं मीडियम मात्र अजून कळलं नाही.